रॅपला ‘नॅशनल’ मंच मिळाला, वस्तीला काय मिळाले?

मागच्या भीमजयंतीच्या तयारीत चिखलीच्या घरकुलातला एक मुलगा आमच्याकडे आला. वय बावीस-तेवीस, चाकणला कंत्राटी कामगार. पाळी संपली की मोबाईलवर बीट लावून रॅप लिहितो. ठेकेदार, कापलेली हजेरी, कंपनीच्या बसमध्ये नाव सांगितल्यावर लगेच आडनाव विचारणारा शेजारचा माणूस, हे त्याचे विषय. एका कार्यक्रमासाठी नवे चेहरे शोधणाऱ्यांनी त्याचा व्हिडिओ पाहिला. आवडला म्हणाले. मग सांगितले, “लिरिक्स थोडे जनरल करून द्या. गरिबीचं राहू द्या, जातीचं काढा. आणि जमलं तर हिंदीत करा.”

त्याने आम्हाला विचारले, “दादा, काय करू?”

“तत्त्व सोडू नकोस” असे म्हणून त्याला परत पाठवणे सोपे होते. पण महिन्याच्या शेवटी घरभाडे त्याला भरायचे असते, आम्हाला नाही. “मोठी संधी आहे, जा” म्हणणेही तितकेच सोपे होते. आम्ही त्याला आठ दिवस थांब म्हणालो. त्या आठ दिवसांत वाचले, आठवले, मित्रांशी भांडलो, त्यातून हा लेख झाला. कारण हा प्रश्न त्या मुलासमोर पहिल्यांदा आलेला नाही. आपल्या गाण्यासमोर तो शंभर वर्षांपासून उभा आहे.

जलशाने कोणाची परवानगी घेतली नव्हती

महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांचा पोवाडा लिहिला आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या परंपरेतून सत्यशोधक जलसे उभे राहिले आणि पुढे आंबेडकरी जलसे. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात गावोगाव जलसे केले. साचा तमाशाचाच घेतला, कारण लोकांना तो ओळखीचा होता. आशय मात्र आरपार बदलला: शिक्षण, मेलेली ढोरे ओढणे बंद करणे, मंदिरप्रवेश, बाबासाहेबांचे राजकारण.

जलसा चालला कशावर? वस्तीच्या वर्गणीवर, कुणाच्या घरच्या भाकरीवर, उसन्या कंदिलावर. त्याला कोणी प्रायोजक नव्हता, म्हणून “हे काढा” असे सांगणाराही कोणी नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वामनदादा कर्डक १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले, २००४ मध्ये गेले. गिरणीत राबलेला, मोठेपणी अक्षर ओळखायला शिकलेला हा माणूस हजारो गाणी लिहून गेला. आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही बौद्ध वस्तीत त्यांचे गाणे माहीत नसलेले घर सापडणार नाही. पण आम्ही शाळेत मराठी कविता शिकलो तेव्हा हे नाव आम्हाला वर्गात ऐकू आले नाही, घरात आले. दोन महाराष्ट्र होते. एकाला वामनदादा पाठ होते, दुसऱ्याच्या गावीही नव्हते.

एकाच गळ्यातले अर्धे गाणे

मग कॅसेट आली. १९८० च्या दशकात गाणे स्वस्त झाले आणि प्रल्हाद शिंदे यांचा आवाज महाराष्ट्रभर गेला. इथे एक गोष्ट नीट पाहा. प्रल्हाददादांनी विठ्ठलाची गाणी गायली आणि भीमगीतेही गायली. गळा एकच, ताकद तीच. विठ्ठलाची गाणी आषाढीला प्रत्येक लाऊडस्पीकरवर लागतात, ती ‘महाराष्ट्राची’ झाली. भीमगीते मात्र ‘त्यांची’ राहिली. मुख्य प्रवाहाने प्रल्हाद शिंदे नाकारले नाहीत. त्यांच्यातला अर्धा भाग निवडून घेतला.

त्या मुलाला मिळालेला “जनरल करा” हा निरोप याच दुकानातला आहे. माणूस हवा, आवाज हवा, आडनावामागचा इतिहास नको.

पण याच काळात दुसरेही काही घडले. चैत्यभूमीला ६ डिसेंबरला, दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनी, भीमा कोरेगावला १ जानेवारीला पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे स्टॉल लागू लागले. आमच्या चिखलीपासून जवळ देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तिथेही दरवर्षी तेच चित्र. कोणत्याही वाहिनीने न दाखवलेले गायक या स्टॉलवर विकले गेले. आपण आपला बाजार उभा केला होता. त्याला कोणी ‘इंडी सीन’ म्हटले नाही, एवढेच.

ब्रॉन्क्सपासून धारावीपर्यंत

हिप-हॉपचा इतिहासही वेगळा नाही. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये एका इमारतीत डीजे कूल हर्कने पार्टी केली, तिथून या कलेचा जन्म सांगतात. त्याच्या एकच वर्ष आधी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. दोन्हीकडे शहराने कोपऱ्यात ढकललेली काळी-सावळी पोरे बोलू लागली होती. १९७९ मध्ये रॅपचे पहिले मोठे व्यावसायिक हिट आले, शुगरहिल गँगचे. गट कंपनीने जुळवलेला होता आणि त्यातल्या ओळींचा एक भाग ब्रॉन्क्सच्या ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतला होता. कॅझला ना श्रेय मिळाले, ना पैसा. म्हणजे रॅप पहिल्यांदा मुख्य प्रवाहात गेले तेव्हा ज्याची वही त्याचेच नाव गळले.

आपल्याकडे २०१५ मध्ये डिव्हाइन आणि नेझी यांच्या ‘मेरे गली में’ने मुंबईच्या गल्ल्यांना आवाज दिला. १४ फेब्रुवारी २०१९ ला ‘गली बॉय’ आला आणि सगळ्या देशाला रॅप कळले. फायदा झाला नाही असे कोण म्हणेल? त्या चित्रपटाच्या ‘इंडिया ९१’ या गाण्यात अमरावतीचा १०० आरबीएच आहे, स्वदेशी या गटाचा टोडफोड आहे, धारावीचा एमसी अल्ताफ आहे. घरच्यांना “हे काय चाललंय तुझं?” याचे उत्तर देता येऊ लागले. हे लहान नाही.

पण चित्रपटाने काय ठेवले आणि काय गाळले? धारावीच्या कथेत गरिबी आहे, धर्म आहे, मालक-नोकर आहे. जात नाही. जेएनयूच्या २०१६ च्या ‘आझादी’च्या घोषणांत मनुवाद आणि ब्राह्मणवाद नाव घेऊन होते. पडद्यावरच्या ‘आझादी’त भूक राहिली, भेदभाव राहिला, मनुवाद गेला. “गरिबीचं राहू द्या, जातीचं काढा.” ओळखीचे वाटते ना?

त्याच २०१९ मध्ये स्वदेशीने आरेच्या जंगलासाठी आदिवासी नेते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्हॉल्ट’ केले. त्यात झाड कोण तोडतो आणि जमीन कोणाची, हे सरळ विचारले होते. त्या गाण्याला मोठा पडदा मिळाला नाही. चळवळीला मात्र गाणे मिळाले.

आमच्या पुण्याचा स्टॅन

एमसी स्टॅनबद्दल आपले कार्यकर्ते नाक मुरडतात. आम्ही मुरडणार नाही. पुणे स्टेशनजवळच्या ताडीवाला रोडचा हा पोरगा १२ फेब्रुवारी २०२३ ला ‘बिग बॉस’ जिंकला. त्या घरात तो वस्तीचीच बोली बोलला, मराठीचा हेल असलेली हिंदी. आपला उच्चार लपवावा लागत नाही, हे पिंपरी-चिंचवडच्या हजारो पोरांनी त्या दिवशी पाहिले. त्याच्या गाण्यांतला स्त्रियांविषयीचा सूर आम्हाला मान्य नाही, आणि सावित्रीमाईंच्या पुण्यात तो मान्य असूही नये. पण वस्तीतला मुलगा दोष घेऊन मोठा झाला की चर्चा दोषाची होते, आणि सदाशिव पेठेतला झाला की प्रतिभेची, हा दुटप्पीपणाही आम्हाला दिसतो.

स्टॅन जिंकला त्यानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिल २०२३ मध्ये, छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर सत्तांतराच्या ‘खोक्यां’वर रॅप केला म्हणून अंबरनाथला गुन्हा नोंदला गेला. मुंबईच्या उमेश खाडेवरही रॅपसाठी गुन्हा नोंदला गेला. रॅप देशभर लाडके झाले होते त्याच वर्षातली ही गोष्ट. म्हणजे मंचाने रॅपला सन्मान दिला, रॅपरला संरक्षण दिले नाही.

हेही जुनेच आहे. ‘कोर्ट’ चित्रपटात लोकशाहीर खटल्यात अडकतो. त्याची भूमिका आपल्या वीरा साथीदारांनी केली, गाणी संभाजी भगतांची. २०१५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. त्या दिवशी कबीर कला मंचाचे सचिन माळी खरोखरच्या तुरुंगात होते. २०१३ पासून आत असलेल्या माळींना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जामीन दिला. पडद्यावरच्या शाहिराला पदक आणि खऱ्या शाहिराला कोठडी, एकाच काळात, एकाच देशात.

अरिवूचा धडा

तामिळनाडूचा अरिवू आपल्याच विचारांचा. मार्च २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ आले. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या आजीची कहाणी त्याने त्यात आणली. गाणे जगभर वाजले. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर सहगायिका धी होती, अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी आवाज उठवला, ओरड झाली, तेव्हा त्याचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ आले. जुलै २०२२ मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात हे गाणे सादर झाले, मंचावर अरिवू नव्हता. आणि २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीर सांगितले की या गाण्यातून कोणत्याही कलाकाराला एक पैसाही मिळाला नाही.

इतके नाव, इतका प्रकाश, आणि हातात काही नाही. कॅझच्या वहीपासून अरिवूपर्यंत बेचाळीस वर्षे गेली, हिशेब तोच.

मग जायचे की नाही?

आमचा एक मित्र चिडून म्हणाला, “तुम्ही एमए झालात, नोकरी आहे. त्या पोराने चळवळीसाठी आयुष्यभर कंत्राटीच राहावं का?” हा आक्षेप खरा आहे. आपण शाहिरांना हार घातले, म्हातारपणी औषधाला पैसे दिले नाहीत. त्यागाची अपेक्षा नेहमी गाणाऱ्याकडून, वर्गणी गोळा करणाऱ्याकडून कधीच नाही.

म्हणून आमचे मत असे. राष्ट्रीय मंचाचा फायदा व्यक्तीला होतो, आणि तो तिचा हक्क आहे. ‘सीन’ला, म्हणजे वस्तीतल्या पुढच्या दहा पोरांना, तो आपोआप होत नाही. इतिहासात जिथे गाणे टिकले तिथे तीन गोष्टी आपल्या हातात होत्या: शब्द, मालकी आणि स्वतःचा मंच. जलशाकडे तिन्ही होत्या. कॅसेटच्या काळात स्टॉल आपले होते, पण मालकी बहुतेकदा कंपनीची. ‘गली बॉय’च्या लाटेत मंचही त्यांचा झाला.

मालकीचे तरी आज बोलता येते. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा कागदावर सही करूनही सोडून देता येत नाही. आयपीआरएस या संस्थेचे सदस्यत्व गीतकाराला घेता येते. रॅपर हा गीतकार असतो, हेच आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला कायदा दाखवला आणि आपली पोरे न वाचता करारावर अंगठा उठवतात, ही आपली चूक आहे.

आणि मंच? चिखलीत मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली माणसे राहतात. बुलढाण्याच्या चिखलीतून या चिखलीत आलेलेही भेटतात. त्यांच्या बोलीत, त्यांच्या पाळीच्या वेळांत एक अख्खे वाङ्मय पडून आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतली हजारो बांधकामे पाडली, भंगारावर जगणाऱ्यांची रोजी एका आठवड्यात गेली. त्यावरचे गाणे कोणता राष्ट्रीय मंच मागणार आहे? ते आपल्यालाच मागावे लागेल. पण आपण जयंतीला डीजेच्या भिंतीवर लाख-दोन लाख उडवतो, आणि वस्तीतल्या रॅपरला मिरवणूक निघण्याआधीची पाच मिनिटे देतो, तीही फुकट. वाहिनीने त्याला “जनरल कर” म्हटले, आपण तर त्याला माईकच दिला नाही. मग तो तिकडे गेला तर बोट कोणाकडे दाखवायचे?

आठव्या दिवशी आम्ही त्याला सांगितले: जा. करार आम्हाला दाखव, वकील मित्र वाचून देईल. हिंदीत एक कडवे कर, हरकत नाही. पण जे काढायला सांगतील ते काढण्यापूर्वी वेगळ्या फाइलमध्ये जसेच्या तसे रेकॉर्ड करून ठेव. ते गाणे २५ डिसेंबरला देहूरोडला वाजेल, आणि त्याचे मानधन मिळेल.

तो हसला आणि म्हणाला, “दादा, मानधन किती?”

बरोबर विचारले त्याने. आकडा आम्ही अजून ठरवलेला नाही. जयंती मंडळांच्या पुढच्या बैठकीत पहिला विषय हाच मांडणार आहोत. तुमच्या वस्तीतही मांडा.

जयभीम! नमो बुद्धाय!