पोळा आणि पोया

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. छापील मराठीत सणाचे नाव ‘पोळा’. परंतु पांढुर्णा-सौंसरच्या घराघरांतून ऐकू येतो तो ‘पोया’. शाळा ‘शाया’ होते, डोळा ‘डोया’ होतो, केळी ‘केयी’ होते. नागर कानाला हा अशुद्धपणा वाटतो. वस्तुतः तो नियम आहे. ‘ळ’ उच्चारताना जीभ मागे वळून टाळूला भिडते. हा स्पर्श सुटला की ‘य’ उरतो. ‘ल’ला मात्र हा नियम लागू नाही. म्हणून पोळ्याचा ‘पोया’ झाला, तरी पोळ्याचा बैल बैलच राहिला. नियमाचे मोलही द्यावे लागते: गळ्यातील माळ आणि जन्मदाती माय कानाला सारखीच होतात, आणि अर्थ संदर्भावर सोपवावा लागतो.

असे अन्यत्रही घडते. लिथुएनियाच्या वायव्येकडील समोगितीय बोलीत भाकरीवाचक ‘दुओना’ हा प्रमाण शब्द उत्तरेस ‘दोउना’, दक्षिणेस ‘दूना’ आणि पश्चिमेस ‘दोना’ असा उच्चारतात. भाषापंडितांनी तेथील पोटबोलींना नावेच या उच्चारांवरून दिली. कोणासही अशुद्ध ठरविले नाही.

पांढुर्णा-सौंसरचा ‘य’ हिंदीच्या सहवासाने आला, हा समजही टिकत नाही. हिंदी ‘काला’ म्हणते, ‘काया’ नव्हे. उलट सीमेपलीकडे वरुड-मोर्शीकडेही हाच ‘काया’ ऐकू येतो. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता; १८५३ मध्ये ते राज्य खालसा झाले, आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाल्यावरही नागपूरशी संबंध कायम राहिला. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ च्या मराठीविषयक खंडात वऱ्हाडी व नागपुरी बोलींची नोंद झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला.

सीमेने उच्चार तोडला नाही. परंतु त्याच्यापुढे एक पेच उभा केला. येथील मूल घरी ‘काया’ ऐकते, हिंदी शाळेत ‘काला’ शिकते आणि मराठी पुस्तक हाती आलेच तर ‘काळा’ वाचते. पुस्तकाने ‘काया’ला हसावे, तर मूल ‘काळा’कडे वळत नाही, ते ‘काला’कडे जाते. घरच्या उच्चाराला चूक म्हणणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे की, या मुलखात मराठी टिकली आहे ती त्याच उच्चाराच्या आधारावर.