मिरची आणि टोमॅटो : एका कुळाची दोन नशिबे



आपल्या उमरीहून निजामाबादच्या बाजूने निघालेली आगगाडी धर्माबादला पोहोचते. लाल मिरचीच्या व्यापाराबद्दल हे गाव प्रसिद्ध आहे. ही मिरची आणि बाजारात ढीग लावून विकला जाणारा टोमॅटो ही चुलत भावंडे होत, हे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटेल. दोघांचे कूळ वांग्याचे आणि दोघांचे माहेर अमेरिका. मेक्सिकोच्या आझ्टेक लोकांच्या 'टोमात्ल' या शब्दावरून टोमॅटो हे नाव पडले.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेली मिरची घरोघरची झाली. टोमॅटो मात्र एकोणिसाव्या शतकातही मुख्यतः साहेबांच्या टेबलासाठीच पिकत असे. आपल्या लोकांनी त्याला 'बेलवांगे' म्हटले, वऱ्हाडाने 'भेदरे' म्हटले. पण आमटीतली आंबटाची जागा चिंचेने आधीच अडवली होती.

आज तो भाजीत रुळला आहे. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने या भावंडांत एक मोठा भेद उरतोच. मिरची वाळते, पोत्यात बसते आणि भावाची वाट पाहते. टोमॅटो थांबत नाही.

मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात त्याचे फूल गळते. रात्री गार झाल्या म्हणजे फळ चांगले धरते. म्हणून पावसाळा सरताना गादीवाफ्यावर रोपे करावयाची, सुमारे महिन्याने लावावयाची, आणि पुढे 60 ते 70 दिवसांनी पहिला तोडा. मग दर तीन-चार दिवसांनी तोडणी आलीच. बाजार लांबचा असेल तर फळाला नुकता रंग चढताच तोडावे लागते. जवळच्या बाजारासाठी ते लाल होऊ देता येते. हवामान सर्वांचे एकच, त्यामुळे माल एकदमच येतो आणि भाव कोसळतो.

2023 साली हे फार स्पष्ट दिसले. उन्हाळ्यात नाशिककडील शेतकऱ्यांनी भावाअभावी टोमॅटो रस्त्यावर ओतला. जुलैत तोच टोमॅटो शहरांतून शंभर रुपये किलोच्याही वर गेला. पहिल्या तोट्याने लावण घटली होती. त्यात ऊन, रोग व पाऊस यांची भर पडली.

मिरचीला थांबण्याचे सामर्थ्य उन्हाने दिले. टोमॅटोला ते द्यावयाचे तर शीतगृहे आणि रस काढणारे कारखाने शेताच्या जवळ हवेत. ही सोय निसर्ग करणार नाही. ती गावाने आणि शहराने मिळूनच करावयाची आहे.