व्यायाम आणि वार्धक्य (बुलढाणा जिल्हा)

वाढत्या वयात स्नायू, हाडे, हृदय आणि मेंदू कार्यक्षम राहावेत म्हणून नियमितपणे करायच्या हालचाली. बुलढाणा जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांच्या आयुष्यात चालणे आणि शेतकाम या दोन हालचाली भरपूर आढळतात. ताकद व तोल यांचा व्यायाम मात्र क्वचितच होतो, आणि म्हातारपणी परावलंबन येते ते बहुधा याच उणिवेतून.

तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते. साठीनंतर हा वेग वाढतो. मेंदूत स्मरणाशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भागही वयानुसार आक्रसतो. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० ज्येष्ठांचे दोन गट केले होते. वर्षभर आठवड्यातून तीन दिवस भरभर चालणाऱ्या गटात हा भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला, तर केवळ स्नायू ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात तो सुमारे १.४ टक्क्यांनी घटला. व्यायामाने मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो, चेतापेशींच्या वाढीला पोषक असे बीडीएनएफ हे प्रथिन वाढण्यास मदत होते, आणि रक्तदाब व मधुमेह आटोक्यात राहिल्याने मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या जपल्या जातात. स्मृतिभ्रंश त्यामुळे हमखास टळतो असे नाही. त्याचा धोका कमी होतो.

चालण्याची परंपरा या जिल्ह्यात शेगावच्या वारीने जिवंत ठेवली आहे. श्री गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला जाताना सुमारे महिनाभरात सातशेहून अधिक किलोमीटर चालते आणि परतही पायीच येते. परतीच्या वाटेवर ती सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, खामगाव अशी येते. खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात म्हातारी माणसेही मोठ्या संख्येने सामील होतात. वारकरी नुसते चालत नाहीत. टाळ वाजवीत, अभंग म्हणत, पावली खेळत पाय टाकताना श्वास, ठेका, स्मरण आणि तोल एकाच वेळी कामाला लागतात. न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ जणांच्या २००३ सालच्या अभ्यासात, शारीरिक छंदांपैकी फक्त नृत्याचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी आढळला होता. पावली हेही एक नृत्यच; तिच्यावर असा अभ्यास व्हायला हवा. तरीही महिनाभराच्या चालण्याचा लाभ वर्षभर पुरत नाही. सराव थांबला की काही आठवड्यांतच दम आणि ताकद ओसरू लागते.

‘शेतात राबतो, वेगळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे, पण त्यातले म्हणणे अर्धेच खरे आहे. पऱ्हाटीत दिवसभर कापूस वेचताना किंवा निंदताना तेच ते स्नायू झिजतात, कंबर वाकलेली राहते आणि विश्रांती आपल्या हाती नसते. शिवाय शेत मुलाकडे गेले की ‘आबा, आता आराम करा’ असे घरचे मायेने म्हणतात, आणि दिवस ओट्यावर सरू लागतो. पायांची ताकद सर्वांत वेगाने जाते ती याच काळात. तेव्हा आबांना बसवून ठेवण्यापेक्षा त्यांच्या जोगते काम त्यांच्याकडेच राहू द्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, किमान दोन दिवस स्नायूंना ताकदीचे काम द्यावे आणि किमान तीन दिवस तोलाचा सराव करावा. खेड्यातल्या घरी यासाठी फारसे काही लागत नाही. हातांचा आधार न घेता खाटेवरून दहादा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, खांबाजवळ आळीपाळीने एका पायावर उभे राहणे, पायरी चढणे-उतरणे एवढ्यावर सुरुवात होते. पुढे थोडे थोडे वजन वाढवावे. नव्वदीच्या घरातील दहा अशक्त वृद्धांना बोस्टनमध्ये आठ आठवडे वजने उचलायला लावली, तेव्हा त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. हा प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. आता काय उपयोग, असे म्हणणाऱ्या प्रत्येक सत्तरीच्या माणसाला तो सांगावा.

सामूहिक व्यायामाचा वारसा वऱ्हाडात जुना आहे. शेजारच्या अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून काम करते. गावोगावच्या व्यायामशाळा मात्र तरुणांपुरत्या राहिल्या आहेत. सकाळचा एक तास ज्येष्ठांसाठी, त्यातही बायकांसाठी, राखून ठेवणे अवघड नाही.

घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, दोन गोष्टी विशेष सांभाळाव्या लागतात. उन्हाळ्यात फिरणे सकाळी ऊन चढण्यापूर्वी आटोपावे, कारण म्हातारपणी तहान उशिरा जाणवते. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव आणि नांदुरा तालुक्यांतील खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी किती पाणी प्यावे आणि किती श्रम करावेत हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. छातीत दुखले, घेरी आली किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर व्यायाम तिथेच थांबवून दवाखाना गाठावा.