फुले हे आडनाव आणि फुलांचे कसब

आपल्या माळी समाजाच्या इतिहासाची चर्चा निघाली म्हणजे संत सावता महाराज आणि महात्मा जोतीराव फुले ही दोन नावे प्रथम मुखी येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु यांपैकी दुसऱ्या नावात आपल्या एका जुन्या कसबाचा इतिहास साठविलेला आहे, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात मांडावा, एवढाच आमचा हेतू आहे.

जोतीरावांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे व मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. तेथून हे घराणे पुरंदर तालुक्यातील खानवडीस व पुढे पुण्यास आले. आजोबा शेटिबा यांचे राणोजी, कृष्णाजी व गोविंदराव हे तिघे पुत्र पेशव्यांकडे हार, गजरे व फुलांच्या गाद्या पुरवीत. त्यांच्या कामावर प्रसन्न होऊन पेशव्यांनी ३५ एकर जमीन इनाम दिली. फुलांच्या या व्यवसायावरूनच लोक त्यांना 'फुले' म्हणू लागले. कोणास आडनाव गावावरून मिळते, कोणास वतनावरून; या घराण्यास ते हातच्या कसबावरून मिळाले.

हे कसब सामान्य नव्हे. मोगऱ्याची कळी उमलण्यापूर्वी पहाटेच खुडावी, म्हणजे सायंकाळी ती गजऱ्यात उमलते. झेंडू मात्र पूर्ण फुलल्यावरच तोडावा. ओवण्यास केळीचे सोपट भिजवून घ्यावे. ते ओलावा धरते व नाजूक देठ कापीत नाही. ही विद्या पोथीत नव्हती. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांजवळ बसून लेकीसुना ती शिकत.

१९५४ साली अमेरिकेत स्मिदर्स नामक गृहस्थांनी पाणी शोषणारी फोमची वीट पुष्परचनेसाठी प्रचारात आणली. तीत दांडे खोचले की रचना झटपट उभी राहते, म्हणून ती जगभर पसरली. परंतु ती कुजत नाही; तिचा चुरा पाण्यात व मातीत तसाच राहतो. यास्तव इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत तिला मज्जाव केला. आता तेथील रचनाकार पुन्हा डहाळ्या, शेवाळ व साध्या पाण्याच्या भांड्यांकडे वळत आहेत. मातीत मिसळून जाणारे सोपट वापरणाऱ्या आमच्या आजीस हे ऐकून हसूच आले असते!

आणि तरीही आपल्यातील कित्येक तरुण फुलांच्या धंद्यास कमीपणा मानून तो सोडीत आहेत. मंडप सजविण्याची मोठी कामे इतरांकडे जातात. आपल्या हाती पाटीवरची सुटी फुले तेवढी उरतात. येथे गोविंदरावांच्या घरातील गोष्ट आठवावी. इनामाची जमीन थोरल्या राणोजींकडे राहिली. धाकट्यांच्या वाट्यास ती आली नाही. गोविंदरावांनी जोतीरावांस शाळेतून काढून मळ्यात घातले होते. परंतु गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब या शेजाऱ्यांच्या आग्रहावरून १८४१ साली पुन्हा शाळेत घातले. इनाम गेले, तरी त्या विद्येने पुढे काय घडविले, हे सांगणे नलगे.

यास्तव आमची विनंती एवढीच की, शिकलेल्या मुलामुलींनी आपापल्या घरातील वृद्धांजवळ बसून गाठी, वेण्या व जाळ्यांचे प्रकार शिकावे, ते लिहून ठेवावे आणि त्यांस नव्या पुष्परचनेच्या शिक्षणाची जोड द्यावी. ज्या कसबाने महात्म्यास आडनाव दिले, त्याची लाज आपण का बाळगावी?