एका फेजवर तीन फेजचे यंत्र : मांडवगण फराटा परिसराच्या संदर्भात ग्रामीण कार्यशाळा आणि विजेची विभागणी

प्रस्तावना

ग्रामीण विद्युतीकरणाचा इतिहास बहुधा खांब, जोडण्या आणि पंप यांच्या संख्येने लिहिला जातो. गावात वीज पोहोचली की नाही, हे त्यात विचारले जाते; कोणती वीज पोहोचली, हे सहसा विचारले जात नाही. मांडवगण फराटा हे शिरूर तालुक्याच्या पूर्व भागातील, भीमा आणि घोड या नद्यांदरम्यानच्या ऊसपट्ट्यातील गाव. अशा गावांतील लेथ, पिठाची गिरणी व वेल्डिंगचे दुकान यांच्या दृष्टीने दिव्याची वीज आणि यंत्राची वीज या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एका फेजवर तीन फेजचे यंत्र चालविण्याचा खटाटोप कारागिराच्या हिकमतीपुरता मर्यादित नाही. वीज कोणाला, केव्हा आणि कशासाठी द्यावयाची या धोरणाशी त्याचा थेट संबंध आहे. प्रस्तुत निबंधात त्या संबंधाचा मागोवा घेतला आहे.

दिव्याची वीज, यंत्राची वीज

बर्लिन येथील एईजी कंपनीत काम करणाऱ्या डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की या अभियंत्याने 1889 मध्ये तीन फेजची पिंजरा मोटर सिद्ध केली. 1891 मध्ये लाउफेन ते फ्रँकफुर्ट अशी सुमारे 175 किलोमीटर अंतरावर तीन फेजची वीज वाहून नेण्यात आली. एकतृतीयांश आवर्तनाच्या अंतराने वाहणारे तीन प्रवाह मोटरीत फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात आणि रोटर त्याच्यामागे फिरू लागतो. ब्रश नाही, कॉम्युटेटर नाही. धूळ, चिखल, अडाणी हाताळणी हे सारे ही मोटर सोसते. एका फेजचे क्षेत्र मात्र फिरत नाही, जागच्या जागी कमीजास्त होते. त्यावर तीन फेजची मोटर नुसती घुमते. हाताने वा दोरीने गती दिल्यास, ज्या दिशेला ढकलावे त्या दिशेला फिरू लागते.

महाराष्ट्रात 1915 मध्ये सुरू झालेले खोपोलीचे जलविद्युत केंद्र मुंबईच्या गिरण्यांसाठी होते. खेड्याकडे वीज वळली ती 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतर. कोयनेची वीज 1962 पासून मिळू लागली आणि 1969 मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाला. विहिरींपर्यंत तारा गेल्या त्या प्रामुख्याने पंपांसाठी. कार्यशाळा पंपाच्या मागून आली, कारण पंपाचा शाफ्ट झिजतो, बुश बदलावा लागतो, मोटर जळते. न्हावरे येथे घोडगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसाच्या वाहतुकीबरोबर ट्रेलरचे हुक, आस आणि पाटे यांचे कामही वाढले.

भारनियमनाची युक्ती

दोन हजारोत्तर पहिल्या दशकात राज्यात विजेची तीव्र टंचाई निर्माण झाली. शेतीपंपांची आकारणी बऱ्याच ठिकाणी मीटरवर नव्हे, तर अश्वशक्तीवर होत असे. त्यामुळे दर वाढवून वापर आवरणे शक्य नव्हते. मग उपाय तारेतच शोधण्यात आला. ठरावीक तास तीन फेज आणि उरलेला वेळ एक फेज, म्हणजे घरात दिवा राहील पण पंप चालणार नाही, अशी ही योजना होती.

तिच्या एका पद्धतीत उपकेंद्रातून 11 हजार व्होल्टच्या तीन तारांपैकी एक तोडली जाई. गावातले रोहित्र, म्हणजे लोकांच्या भाषेतली डीपी, उच्च दाबाच्या बाजूला डेल्टा आणि कमी दाबाच्या बाजूला स्टार जोडणीचे असते. एक तार तुटली की त्याच्या एका फेजवर पूर्ण दाब राहतो आणि उरलेल्या दोहोंवर साधारण निम्मा. तिन्ही तारांत वीज असते, पण फिरते क्षेत्र नसते. निम्म्या दाबावरचे दिवे मिणमिणत आणि चांगल्या फेजवर गर्दी होई.

नियमाचा रोख पंपाकडे होता, परंतु त्याच वाहिनीवरचा लेथही थांबला. तीन फेज रात्री आली तर शेतकरी पाण्याला जाई. कारागिराची अडचण निराळी होती : दुरुस्तीचे गिऱ्हाईक दिवसा येते.

कपॅसिटर आणि पायलट मोटर

उपाय खेड्यातल्या वायरमनलाही अवगत होता. दोन टोके पुरवठ्याला, तिसरे टोक कपॅसिटरमधून. कपॅसिटरमुळे प्रवाह पुढे सरकतो आणि तिसऱ्या फेजचा आभास निर्माण होतो. 230 व्होल्टवर दर किलोवॅटमागे सुमारे 70 मायक्रोफॅरॅड असा ठोकताळा आहे. म्हणजे 3 अश्वशक्तीच्या मोटरीला साधारण 155, आणि सुरुवातीच्या झटक्यासाठी याहून बरेच अधिक. छोट्या मोटरीचे वाइंडिंग 415 व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेले असेल, तर ते डेल्टात बदलावे लागते. एवढे करूनही मोटरीची पूर्ण शक्ती मिळत नाही.

येथे एक बाब विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. कपॅसिटरचा समतोल एका ठरावीक भारावरच साधतो. पंपाचा भार तासन् तास जवळजवळ सारखा असतो, त्यामुळे त्याला हा जुगाड मानवतो. लेथचे तसे नाही. हत्यार धातूत उतरले की भार चढतो, मागे घेतले की उतरतो. आणि रिकामे फिरताना एखाद्या वाइंडिंगमधून प्रमाणाबाहेर प्रवाह जाऊन मोटर तापते. ज्या पंपाला रोखण्यासाठी फेज तोडली तो कपॅसिटरवर चालू राहिला आणि ज्या लेथविषयी कोणाची तक्रार नव्हती त्याचीच अडचण झाली. रिवाइंडिंगच्या दुकानांना मात्र काम कमी पडले नाही.

लेथला अधिक मानवणारा मार्ग म्हणजे पायलट मोटर. कामाच्या मोटरीहून मोठी तीन फेजची मोटर एका फेजवर रिकामी फिरत ठेवायची. फिरता रोटर तिच्या तिसऱ्या टोकाशी दाब निर्माण करतो आणि त्यावर शेजारचे यंत्र चालते. भार बदलला तरी हा दाब बऱ्यापैकी टिकतो. हे तत्त्व खेड्यापुरते नव्हते. भारतीय रेल्वेच्या वॅम-4 व वॅग-5 या इंजिनांत माथ्यावरच्या एका फेजच्या तारेवरून पंखे आणि कॉम्प्रेसर यांच्या मोटरी चालविण्यासाठी आर्नो परिवर्तक बसविलेला असे, तो याच जातीचा. रेल्वेने ज्याला साधनसामग्रीत रीतसर स्थान दिले, ते कार्यशाळेत कोपऱ्यात रिकामी फिरणारी जुनी मोटर म्हणून राहिले. तिचा दोष एवढाच की ती स्वतः वीज खाते. पुढे इन्व्हर्टर ड्राइव्ह स्वस्त झाले. ते एका फेजमधून खऱ्या तीन फेज तयार करतात आणि लेथची गतीही हवी तशी बदलता येते. परंतु 230 व्होल्ट घेणारा साधा ड्राइव्ह तेवढ्याच दाबाच्या तीन फेज देतो, तेव्हा स्टार-डेल्टाचा प्रश्न तेथेही सुटत नाही.

तारेची फाळणी

कपॅसिटरवर पंप चालू लागल्याने एक फेज देण्याचा हेतूच हुकला. एकाच फेजवर भार येऊन दाब पडू लागला, रोहित्रे जळू लागली. जून 2005 मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली. त्याच सुमारास आलेल्या अक्षय प्रकाश योजनेत गावाने संध्याकाळी आपणहून पंप बंद ठेवावेत आणि त्या बदल्यात भारनियमनातून सवलत मिळवावी, असा सामंजस्याचा प्रयत्न झाला. 2006 मध्ये पुणे शहर भारनियमनमुक्त करताना उद्योगांच्या स्वतःच्या जनित्रांचा आधार घेण्यात आला. त्याच जिल्ह्यातील खेड्याच्या कार्यशाळेजवळ असे जनित्र क्वचितच असे, आणि डिझेलवर एक शाफ्ट घडवून परवडतही नसे. शहराला विजेचा अखंड पुरवठा आणि खेड्याला फेजचा तुकडा, हा भेद केवळ तांत्रिक म्हणता येणार नाही.

अखेरीस फेज तोडण्याऐवजी ताराच वेगळ्या करण्यात आल्या. गुजरातमध्ये 2003 पासून ज्योतिग्राम योजनेतून हे काम सुरू झाले होते; महाराष्ट्रात ते गावठाण वाहिनी विलगीकरण या नावाने झाले. गावठाणाची वाहिनी निराळी, शेतीची निराळी. अशा रीतीने गावठाणातील गिरणी व लेथ यांना तीन फेजची वीज पंपाच्या वेळापत्रकाविना मिळू शकली.

तथापि ऊसपट्ट्यातील वस्ती गावठाणात मावत नाही. रस्त्याकडेच्या मळ्यात, ट्रॅक्टर व ट्रेलर वळविण्यास जागा असते म्हणून, उभारलेली कार्यशाळा पुष्कळदा शेतीच्या वाहिनीवर येते आणि तिचे तास पंपाच्या तासांशी बांधलेले राहतात. 2017 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने पंपांना दिवसा वीज देण्याचे ठरविले. ज्या वाहिनीवर ती दिवसाची वीज आली, तेथे मळ्यातला लेथही दिवसा तीन फेजवर फिरू शकतो, जरी ती योजना आखताना त्याचा विचार कोणी केलेला नव्हता.