चिखलदऱ्याची मुक्कामाची रात्र

पावसाळ्यातल्या शनिवारी दुपारनंतर परतवाड्याच्या चौकात गाड्यांची रीघ लागते. काही अमरावतीहून निघालेल्या असतात, काही अकोल्याहून अकोट-अंजनगाव करत आलेल्या. त्यांत लग्नाचा वाढदिवस साजरा करायला निघालेलं एखादं जोडपं हमखास असतं. तीसेक किलोमीटरचा चिखलदऱ्याचा घाट चढायचा, धुक्यात एक रात्र काढायची, रविवारी संध्याकाळी घरी. अमरावतीपासून जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवरचं हे ठिकाण आता ओळखीचं झालं असलं, तरी इथं मुक्काम करायची मुभा वऱ्हाडी माणसाला फार उशिरा मिळाली.

चिखलदऱ्याला लागून गाविलगड आहे. 15 डिसेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं तो घेतला, आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहानं नागपूरकर रघुजी भोसल्यांना वऱ्हाडावरचा हक्क सोडावा लागला; वऱ्हाड निजामाकडे गेलं. किल्ल्याशेजारचं हे गार पठार 1823 मध्ये हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सननं हेरलं, अशी नोंद आहे. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं आणि उन्हाळ्यात वर येणाऱ्या साहेबांची चांगली सोय झाली. खाली अकोला पंचेचाळीस अंशांत भाजत असे; वर, सुमारे अकराशे मीटरवर, बंगले उठले, गुलाब फुलले, कॉफीची लागवड झाली. ती कॉफी आजही इथं होते.

त्या काळात वऱ्हाडात पैसा नव्हता असं नाही. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या वर्षांत कापसाचे भाव भडकले, मागोमाग रेल्वे आली, अमरावती-अकोल्यात जिन-प्रेस उभ्या राहिल्या. वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड म्हणतात ते उगीच नाही. पण घर सोडायचं तर कारण लागे: कुलदैवत, जत्रा, लग्नकार्य, बाळंतपण. रात्र काढायची ती सोयऱ्यांकडे, नाहीतर धर्मशाळेत. नवरा-बायकोनं आपल्याच जिल्ह्यात पैसे देऊन खोली घ्यावी, हे कुणाच्या मनातही आलं नसतं. लग्नाची तारीख दरवर्षी साजरी करणं हेच मुळात नवं. वास्तविक वऱ्हाडाची सर्वांत प्रसिद्ध जोडी घराबाहेरच जमली: कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीला कृष्णानं अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून नेलं, असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

डाकबंगले आणि वनखात्याची विश्रामगृहं चिखलदऱ्याभोवतीच्या मेळघाटात होतीच. सेमाडोह, कोलकास, तारूबांदा ही नावं वनाधिकाऱ्यांच्या दौऱ्यांमुळे रूढ झाली. त्यांत कोलकासची जागा अशी, की व्हरांड्यात बसलं की खाली सिपना नदी वळण घेताना दिसते. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. पण अशा बंगल्यांचा शिरस्ता कडक असे. पहिला हक्क कामावरच्या अधिकाऱ्याचा. साहेब आला की खाजगी पाहुण्यानं खोली मोकळी करायची. खानसामा, चौकीदार, पाणी भरणारा आणि लाकडं फोडणारा यांच्या जिवावर साहेबांचा मुक्काम सुखाचा होई. ज्यांचं हे रान, त्या कोरकू आदिवासींच्या वाट्याला बहुतेक कष्टाचीच कामं आली. या रात्रींची गोष्ट सांगताना हे विसरून चालणार नाही.

1974 मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. 1975 मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढे चिखलदऱ्यात त्यांचं निवासस्थान उभं राहिलं. मग खाजगी हॉटेलं आली, घरोघरी गाड्या आल्या. कोलकास-सेमाडोहच्या खोल्याही आता कुणालाही आरक्षित करता येतात. ज्या पठारावर एके काळी हुद्दा पाहून जागा मिळे, तिथं आज तिवशाचे शिक्षक किंवा मूर्तिजापूरचे दुकानदार लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोसोबत हक्कानं राहतात. या गावाच्या दोनशे वर्षांत याहून मोलाचा बदल दुसरा झालेला नाही.

सकाळी ही जोडपी भीमकुंडावर जातात. कीचकाला मारून भीमानं इथंच हात धुतले अशी आख्यायिका आहे, आणि कीचकदरा या नावावरूनच चिखलदरा आलं असं म्हणतात. मग गाविलगड. शार्दूल दरवाज्याखाली फोटो निघतात. उतरताना मोथा गावाजवळ गवळ्यांचा खवा घ्यायला गाडी थांबते, कारण घरी मुलं वाट पाहत असतात.