बाळाचा ताप: सटवाईपासून थर्मामीटरपर्यंत

मी करावे गावातून बोलतेय. मागच्या बैठकीत एका आजींनी मला विचारलं, "आमची पोरं तापायची, तवा आम्ही काय दवाखान्यात धावायचो?" खरंच, त्या धावत नव्हत्या. पण पुढे त्यांनीच सांगितलं की सात बाळंतपणांतली चारच लेकरं हाताशी लागली. म्हणून आज हा विषय घेतला.

आपण पाचवी पुजतो. सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते असं म्हणतो. नेमक्या याच दिवसांची एवढी भीती का? मला वाटतं, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असावा. विळ्याने नाळ कापली की धनुर्वाताचे जंतू शिरायचे. तिसऱ्या दिवसापासून पुढच्या दोनेक आठवड्यांत बाळाचा जबडा बसायचा, अंग कडक व्हायचं, दूध ओढता यायचं नाही. गरोदरपणातली धनुर्वाताची सुई आणि नाळेसाठी नवं पातं आलं, तसा हा आजार मागे हटला. २०१५ मध्ये भारतातून बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं.

बाकीचा जंतुदोष मात्र राहिला. नाळेतून, कातडीतून, छातीत, लघवीत, कुठूनही तो रक्तात जातो. त्याची खरी गोष्ट गडचिरोलीत घडली.

तिथे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावोगाव जन्म-मृत्यूची नोंद ठेवली. १९९३ ते १९९५ या काळात जन्मलेल्या हजार बाळांमागे ६२ पहिल्या महिन्यातच जात होती. दवाखाना लांब, आणि ओली बाळंतीण घराबाहेर काढायची नाही ही रीत. मग १९९५ पासून ३९ गावांत आरोग्यदूत नेमल्या. त्या गावातल्याच बायका, शाळा पाचवी ते दहावी. त्यांच्या पिशवीत थर्मामीटर, घड्याळ, वजनकाटा. त्या घरी जाऊन बाळाला तपासायच्या. रडणं क्षीण झालंय का? दूध ओढणं कमी झालंय का? बाळ मलूल आहे का? पोट फुगलंय, छाती आत ओढली जातेय, बेंबीत पू आहे? अंग तापलंय, की गार पडलंय? यातली दोन लक्षणं एकदम दिसली की जंतुदोष धरायचा आणि दवाखान्यात न्यायला सांगायचं. घरचे नाहीच म्हणाले, तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनची सुई आणि सोबत तोंडाने द्यायचं औषध. डॉक्टर नसलेल्या बाईने सुई द्यावी का, यावर वाद झाला. पण उपचाराआधी जंतुदोषाच्या शंभर बाळांमागे १६ ते १७ जायची, ती पुढे तीनच्या आत आली. पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

त्या यादीत गार अंगही होतं, हे विसरू नका. जंतुदोषात तान्ह्याला ताप येतोच असं नाही.

माझी मुलगी अकरा दिवसांची असताना तिचं अंग कढत लागलं. मे महिना, त्यात कानटोपी, दोन दुपटी, वर गोधडी. सासूबाई म्हणाल्या, "काय झाला नाय, गरमी झाली." दुपटी सोडली, अंगावर घेतलं. वीस मिनिटांनी काखेत थर्मामीटर लावला तर १०१. गरमी असती तर उतरली असती. ती दूधही ओढेना. आम्ही रिक्षा केली. पुढे सात दिवस तिला शिरेतून औषध चाललं.

म्हणून दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं काखेतलं माप ९९.५ किंवा जास्त असेल, किंवा ९६ च्या खाली असेल, तर रात्र असली तरी निघायचं. थोरल्या भावंडाचं तापाचं औषध पाजायचं नाही. ताप दबतो, जंतू तसेच राहतात. बिब्ब्याचा डाग नाही, घुटी नाही. वाटेत अंगावर पाजत राहायचं, बाळ गार असेल तर उघड्या छातीशी धरायचं. दीड महिन्याच्या लसीनंतर दिवसभर कणकण येते, पण तेव्हाही नर्सबाईंना विचारूनच औषध द्या.

गडचिरोलीची ही पद्धत २०११ पासून देशभरातल्या आशाताईंकडे आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या आल्या की बाळ झोपलंय म्हणून दारातून परत पाठवू नका. दुपटं सोडून दाखवा. आमच्या गटाने बचतीतून दोन थर्मामीटर घेतलेत. एक माझ्याकडे आहे, एक त्या आजींच्या सुनेकडे. तिला आठवा लागलाय.